शार्लमेनच्या आधीही तिथं माणसं राहत होती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला युरोपच्या इतिहासावरचा लेख वाचला, लिहिलाय झकास, पण ४७६ साली पश्चिम रोमचा शेवटचा बादशहा गेला आणि पुढच्याच परिच्छेदात थेट ८०० साल, फ्रँकांचा राजा शार्लमेन याच्या डोक्यावर बादशाही मुकुट! मधल्या सव्वातीनशे वर्षांची बोळवण मारामाऱ्या आणि अडाणीपणा एवढ्यावरच केलीत. तर त्या गाळलेल्या काळातल्या एका माणसाबद्दल थोडं लिहितो, जागा असेल तर छापा.

माणसाचं नाव डेसिडेरियस. दक्षिण फ्रान्समध्ये लोत नदीच्या वळणात काओर नावाचं शहर आहे, तिथला हा बिशप, ६३० ते ६५५. अल्बी शहराकडच्या खानदानी घरातला, फ्रँक (तेव्हा फ्रान्सवर राज्य करणारे जर्मन वंशाचे लोक) राजा क्लोथार दुसरा आणि मग त्याचा मुलगा डॅगोबर्ट यांच्या दरबारात खजिनदार होता, म्हणजे तिजोरीवरून उठून थेट बिशपच्या गादीवर. आणि ती गादी मिळाली कशी तर त्याच्या आधी त्याचा सख्खा भाऊ रस्टिकस तिथं बिशप होता आणि त्याला गावातल्याच लोकांनी ठार मारलं. दुसरा भाऊ सायग्रियस आधीच वारलेला. डॅगोबर्टनं मारेकऱ्यांना भयंकर शिक्षा दिल्या, कुणाला ठार केलं, कुणाचे अवयव तोडले, कुणाला गुलाम केलं, आणि ज्या गावानं भाऊ मारला त्याच गावात याला बिशप करून पाठवलं. गेला बरं का, आणि २५ वर्षं टिकला!

डेसिडेरियसच्या जुन्या लॅटिन चरित्रात त्याच्या आईची, हेर्खेनफ्रेडाची, तीन पत्रं आहेत आणि खरं सांगायचं तर मला त्या चरित्रातलं तेवढंच आवडतं, बाकी चरित्रकारानं स्तुतीचा नुसता धबधबा सोडलाय. पोरगा दरबारात नोकरीला, आई लिहिते की राजाशी इमानानं वाग, सोबतच्यांशी प्रेमानं राहा, बोलताना जपून बोल, आणि घरून काय हवं नको ते कळव म्हणजे लगेच पाठवते. चौदाशे वर्षांपूर्वीची आई आहे ही! तिसरं पत्र मात्र रस्टिकसच्या खुनानंतरचं. दोन्ही मुलं गेली, आता तुलाही काही झालं तर मी काय करू, स्वतःला जप असं सांगते आणि त्याच पत्रात खुन्यांना सोडू नकोस, इतरांना जरब बसली पाहिजे असंही बजावते. रडणं पण आहे आणि हिशोब चुकता करणं पण.

त्याची स्वतःची पत्रं, म्हणजे काही त्यानं लिहिलेली आणि काही त्याला आलेली, स्वित्झर्लंडमधल्या सेंट गालेन मठाच्या एकाच हस्तलिखितामुळं वाचली. त्यात देवधर्म आहेच पण गावची कामंसुद्धा आहेत. क्लेर्मों शहराच्या बिशपला तो लिहितो की काओरला जमिनीखालून लाकडी नळांनी पाणी आणायचंय, तुमच्याकडं जाणकार कारागीर आहेत तर पाठवा. आता बघा, रोमन लोकांनी याच शहरासाठी मोठा कालवा बांधला होता, तो थाट राहिला नव्हता हे खरं, पण लोकांना पाणी तर लागतंच ना, आणि ते आणायची खटपट बिशप करतोय. शहराचा तट आणि बुरूजही त्यानं बांधून काढले, चर्च बांधलं ते घडीव चौकोनी दगडांचं, जुन्या रोमन पद्धतीनं. क्लेर्मोंच्याच गॅलस नावाच्या बिशपचं एक पत्र आहे, मार्सेय बंदर आणि आसपास प्लेग पसरलाय म्हणून, त्यात खरेदीविक्रीला कुणी ये-जा करू नये यासाठी रस्त्यांवर पहारे बसवायची गोष्ट आहे. अडाणी म्हणता ना यांना?

राजासुद्धा यांच्यावर नजर ठेवून असायचा. बूर्ज शहराच्या बिशपनं धर्मसभा बोलावली तर राजा सिगेबर्ट तिसरा याचं डेसिडेरियसला पत्र, की आम्हाला न कळवता आमच्या राज्यात असली सभा भरता कामा नये, तुम्ही जाऊ नका. म्हणजे एवढं सरकारी नियंत्रण त्या तथाकथित गोंधळाच्या काळात होतं.

तो फार मोठा संत होता असं माझं म्हणणं नाही. पैसेवाला होता आणि ओळखी तर अशा की विचारू नका, रुआंचा औदोइन, न्वायोंचा एलिजियस, हे सगळे दरबारातले जुने दोस्त आणि पुढं सगळेच बिशप. औदोइनला तो क्लोथारच्या दरबारातल्या तरुणपणाच्या आठवणी काढून पत्र लिहितो, त्यात गोडवा आहे पण आमची माणसं सगळीकडं बसलीत हेही दिसतंच. वारला तो ६५५ मध्ये अल्बीच्या बाजूला, आणि देह काओरला आणला.

लेखमाला पुढं चालू राहणार असेल तर सातव्या शतकाला निदान अर्धं पान द्या, आणि जमलं तर त्या आईच्या तिसऱ्या पत्राचा अनुवाद पूर्ण छापा, काटछाट न करता.

आपला,
एक नियमित वाचक