स्टिक तिथंच ठेवून ये

प्रिय छकुले,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू नुसती रडत होतीस आणि मागून तुझे पप्पा 'तिला म्हणावं मांडी शेक' एवढंच घोकत होते. म्हणून लिहायला बसले.

हॉकीची निवड चाचणी हुकली, सहा आठवडे खेळ बंद. तेवढ्यात बाकीच्या पुढं जातील म्हणालीस. जातीलच की. तुला खोटं कशाला सांगू? पण मला राग वेगळ्याच गोष्टीचा आला. मांडीमागची शीर दोन आठवडे धरत होती आणि तू कुणाला बोलली नाहीस.

हॉकीतल्या राणी रामपालची दुधाची गोष्ट तू येईल त्या पाहुण्याला सांगतेस. हरियाणातलं शाहबाद, वडील गाडा ओढणारे, अकादमीत रोज अर्धा लिटर दूध न्यायचं, परवडायचं दोनशे मिली, मग त्यात पाणी. मला त्यातली तिची आई आठवते. घरात घड्याळ नव्हतं म्हणून पोरीला सरावाला उठवण्यासाठी ती आभाळाकडं बघत जागी राहायची. मोबाईलचा गजर असून मला पहाटे जाग येईना, तेव्हा ती बाई फार आठवायची.

पुढचंही तुला तोंडपाठ. पंधराव्या वर्षी 2010 च्या विश्वचषकात सात गोल. 2016 ला रिओ, तब्बल 36 वर्षांनी आपल्या मुली ऑलिम्पिकला. आणि 2 नोव्हेंबर 2019 चं भुवनेश्वर तर आपण एकत्रच बघितलं. आदल्या दिवशी अमेरिकेला 5-1 हरवलेलं आणि त्या दिवशी मध्यंतरालाच 0-4. दोन्ही सामन्यांची बेरीज सारखी झाली तसे पप्पा उठून गोठ्यात गेले. 48 व्या मिनिटाला राणीनं गोल मारला, तू इतकी किंचाळलीस की म्हैस दचकली! त्या एका गोलावर टोकियो ऑलिम्पिकचं तिकीट मिळालं. तिथं पहिले तीन सामने हरून चौथा नंबर.

इथवर येऊन तू गोष्ट थांबवतेस. टोकियोनंतर राणीचंही तेच झालं, मांडीमागचा स्नायू. पूर्ण बरी नाही म्हणून 2022 च्या विश्वचषकाच्या संघात तिचं नाव नव्हतं. कप्तान होती ती, खेलरत्न, पद्मश्री, सगळं मिळालेलं. 2023 ला परतली, पण पहिल्यासारखी संघात बसली नाही. 2024 ला निवृत्त झाली तेव्हा तिशीही पुरी नव्हती. 254 सामने झाले होते. मला ते बरं वाटलं नाही, अजूनही वाटत नाही.

भीती घालत नाही गं. तिनं निदान अडीचशे सामने खेळून ते सोसलं, तू सतराची आहेस. आपल्या तालुक्यातली वैष्णवी फाळके भारताकडून खेळली, त्यामुळं पप्पांना सगळं जवळ दिसायला लागलंय. त्यांचं मी बघते. तू फक्त फिजिओला दुखतंय तिथं दुखतंय म्हण. पळताना नाही पण वाकताना कळ येते, हे मला सांगितलंस ते त्यांनाही सांग.

गुरुवारची तपासणी झाली की शुक्रवारच्या एसटीनं ये. शेंगदाण्याचे लाडू केलेत. स्टिक तिथंच मैत्रिणीकडं ठेव, नाहीतर अंगणात सुरू होशील.

तुझी,
आई