आई-अण्णा, परवा फोनवर मी खोटं बोलले

इंदिरानगर, नाशिक
१५ जानेवारी

आई, अण्णा, दोघांना नमस्कार.

तिळगूळ मिळाला. भाऊच्या पिशवीतून आलेल्या भाकऱ्या आणि खेंगट पण, खेंगट मी एकटीनेच संपवलं, तुमच्या जावयांना फक्त वास. फोनवर बोलणं होतंच रोज, पण फोनवर काय होतं की आई मध्येच रडवेली होते, अण्णा "बरं बरं" म्हणून फोन आईकडे देतात आणि सांगायचं ते राहूनच जातं. म्हणून लिहितेय. भाऊला सांगते प्रिंट काढून द्यायला, अण्णांना मोबाईलवर वाचायला त्रास होतो. आणि आई, हे दोनदा वाच.

आधी कबुली. सोमवारी रात्री तुम्ही फोन केला तेव्हा मी म्हटलं ना की जेवून आडवी झालेय, ते खोटं होतं. मी दवाखान्यात होते, पोटाला पट्टे बांधलेले, शेजारच्या मशीनवर बाळाच्या ठोक्यांचा टकटक आवाज, तो तुम्हाला ऐकू जाऊ नये म्हणून फोन दुसऱ्या कानाला लावला होता. झालं काय, दुपारपासून बाळ गप्प होतं. एरवी जेवल्यावर नुसता धिंगाणा असतो. आई, तू आठवड्यापूर्वीच म्हणाली होतीस की नवव्यात बाळ शांत होतं, जागा पुरत नाही त्याला, म्हणून मी पण म्हटलं असेल तसंच. गूळ खाल्ला, गार पाणी प्यायले, डाव्या कुशीवर पडले, तीन तास घालवले. मग तुमच्या जावयांनी काही न विचारता गाडी काढली. बाळ ठीक होतं, मशीन लावल्यावर पंधरा मिनिटांत महाराजांनी (की महाराणींनी, आपल्याला काय माहीत, आणि आई परत सांगते, सोनोग्राफीत ते विचारायचंच नाही, कायद्याने गुन्हा आहे) अशी लाथ मारली की पट्टाच सरकला. पण डॉक्टर मला बोलल्या, आणि बरोबरच बोलल्या. म्हणाल्या, शेवटी शेवटी लाथेऐवजी वळवळ, ढकलणं असं जाणवेल, हालचालीची तऱ्हा बदलते, पण हालचाल कमी होत नाही, कमी झाली तर घरी गूळ खात बसायचं नाही, रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. आता मी जेवल्यावर कुशीवर पडून मोजते, दोन तासांत दहा तरी हालचाली व्हायला हव्यात, बहुतेक वेळा अर्ध्या तासातच होतात.

तुम्हाला सांगितलं नाही कारण अण्णा त्या थंडीत मोटारसायकल काढून निघाले असते. खरं सांगा, निघाले असता की नाही?

तर त्या रात्री ठरवलं, जे काय आहे ते सगळं तुम्हाला आधीच सांगून ठेवायचं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हे मलाही माहीत आहे, आणि मागच्या खोलीला चुना मारून घेतलाय ते भाऊने सांगितलं मला. आई, त्या खोलीत मी नक्की येणार, पण बाळ दीड महिन्याचं झाल्यावर. बाळंतपण इथेच. कारण माझं बीपी. गेल्या वेळी १३८/८८ निघालं, १४०/९० च्या वर गेलं की औषध, लघवीची तपासणी, वेळ पडली तर ॲडमिट पण, सध्या घरी मशीन आणून सकाळ-संध्याकाळ मोजतेय आणि वहीत लिहितेय. मळ्यातून डांबरीला यायलाच वीस मिनिटं, त्यात आता उसाच्या ट्रॉल्या, मग पिंपळगाव, मग हायवे, मग नाशकात द्वारका चौकातला ट्रॅफिक, धरून चाला दीड तास. पिंपळगावात दवाखाने नाहीत असं नाही, पण इथे घरापासून दहा मिनिटांवर ऑपरेशनची सोय आणि लहान बाळांचं आयसीयू एकाच ठिकाणी आहे. तुमच्यावर राग नाही, सासरच्यांनी भरवलेलं नाही. मीच ठरवलंय. हे आत्याला पण सांगून टाका, नाहीतर ती तेराव्या माणसाला सांगेल आणि ते फिरून माझ्याकडे येईल.

बीपीचं अजून एक, कारण हे मी एकटी असताना मला कळणार नाही पण तुझ्या लक्षात येईल. पायाला सूज आहेच, तिचं एवढं काही नाही. पण चेहरा अचानक सुजला, हाताच्या बोटात अंगठी रुतायला लागली, डोकं दुखायचं थांबेना, डोळ्यापुढे काजवे, किंवा उजव्या बाजूला फासळ्यांच्या खाली दुखलं तर "पित्त झालं असेल, आलं-लिंबू घे" म्हणायचं नाही, थेट दवाखाना.

आता अण्णा, तुमच्यासाठी. तुम्ही दर दोन दिवसांनी विचारता, तारीख पक्की का. तारीख ८ फेब्रुवारी. ही कशी काढतात तर ४ मेपासून २८० दिवस मोजलेत, बस. तुम्ही द्राक्षाच्या छाटणीपासून दिवस मोजताच ना, पण म्हणून कुठला प्लॉट मोजून त्याच दिवशी उतरलाय? गोडी भरली की माल निघतो, व्यापारी काही म्हणो. तसंच. १८ तारखेला ३७ आठवडे पूर्ण होतात, तिथून पुढे कधीही, आणि ८ नंतर आठवडाभर गेला तरी घाबरायचं नाही, डॉक्टर तपासत राहतील आणि गरज पडली तर कळा आणायचं औषध देतील. बरोबर तारखेला जन्मणारी बाळं फार थोडी असतात. त्यामुळे रोज "झालं का काही" असं विचारू नका. झालं की सांगणारच आहे, लपवून काय ठेवू.

आणि आई, तारीख उलटली म्हणून एरंडेल नाही. मला माहीत आहे तुझ्या डोक्यात येणार. नुसते जुलाब होऊन अंगातलं पाणी जातं. दुधात तूप तू कितीही पाज, बाळंतपण सुटसुटीत होतं का माहीत नाही पण मला आवडतं.

कळांचं सांगते. सध्या दिवसातून चार-पाच वेळा पोट दगडासारखं घट्ट होतं आणि सुटतं, चालले किंवा पाणी प्यायले की थांबतं. त्या खोट्या कळा. खऱ्या थांबत नाहीत, एकामागून एक येतात, अंतर कमी कमी होत जातं आणि जोर वाढतो. दर पाच मिनिटांनी एक, प्रत्येक मिनिटभर टिकणारी, आणि असं तासभर चाललं की निघायचं, असं आम्हाला सांगितलंय. पहिलटकरणीला वेळ लागतो, १२ ते १८ तास सहज, म्हणून आई, मी पहिली कळ आल्यावर भाजी निवडत बसले तर ओरडू नकोस. पण पाणमोट फुटली तर कळा असोत नसोत लगेच निघायचं, घड्याळ बघून वेळ लक्षात ठेवायची आणि पाण्याचा रंग बघायचा, हिरवट-काळपट असेल तर गाडीतूनच फोन करून सांगायचं. चिकट, जरासं रक्ताळलेलं गेलं तर ती नुसती सुरुवात आहे, धावपळ नाही. मात्र पाळीसारखं लाल रक्त गेलं तर एक मिनिट थांबायचं नाही. गाडी नसली तर १०८, फुकट येते, नंबर फ्रिजवर मोठ्या अक्षरात चिकटवलाय.

सिझर झालं तर? होऊ शकतं. तुम्ही दोघांनी बाहेर बाकावर बसून तोंडं पाडायची नाहीत आणि दवाखान्यातल्या कुणाशी वाद घालायचा नाही. एवढंच.

बॅग भरलीय, दाराशी आहे. फाईल, ब्लडग्रुप, सोनोग्राफीचे कागद, आधार, मेडिक्लेमचं कार्ड, पुढून उघडणारे दोन गाऊन, पॅड. बाळाचं मात्र तुझ्यावर सोडलंय. दुकानात गेले होते, सगळं गुलाबी-निळं आणि आतून टोचणारं. मला तुझ्या जुन्या सुती पातळाची बाळुतं हवीत, तीनदा धुतलेली, उन्हात कडक वाळवलेली. आणि ती हिरव्या नऊवारीची गोधडी, आज्जीच्या हातची, जिच्या एका कोपऱ्यात टाका उलटा गेलाय. मी लहानपणी तोच कोपरा चोखत झोपायचे म्हणे. डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट आणू नकोस, चार दिवस ऊन दाखव.

गोळ्यांचं सांगायचं राहिलं. हिमोग्लोबिन ९.८ होतं ते ११.२ वर आलंय. लोहाची गोळी लिंबूपाण्याबरोबर, कॅल्शियमची वेगळ्या वेळी, आणि गोळीच्या आगेमागे चहा बंद, हे कळायलाच मला दोन महिने गेले, तोवर मी चहाच्या घोटाबरोबरच गिळत होते! आपले काळे मनुके संपलेत, अण्णा, किलोभर आणा. रजा परवापासून सुरू झालीय, एकूण २६ आठवडे मिळतात, त्यातले ८ आधी घेता येतात पण मी मुद्दाम उशिरा घेतली, उरलेली सगळी बाळासोबत.

आता जिथे आपलं भांडण होणार तो विषय. आई, शेगडी आणू नकोस. आमच्या बेडरूमला एक खिडकी, त्यात दार लावून निखाऱ्यावर शेक म्हणजे निखाऱ्यातून निघणारा वायू बाळ-बाळंतीण दोघांना घातक आहे, वास येत नाही त्याला, कळत पण नाही. शेकायला गरम पाण्याची पिशवी चालेल. मालिश चालेल, हलक्या हाताने. नाका-कानात तेल नाही, काजळ नाही, नाळेवर हळद-बिळद नाही, ती कोरडी ठेवली की आपोआप पडते. मधाचं बोट नाही, वर्षभर मध नाहीच, लहान बाळाला त्यातून विषबाधा होऊ शकते. घुटी सहा महिने नाही, पाणी पण नाही, फक्त दूध. आणि पहिल्या तासातच पाजायचं. तू म्हणालीस की तुझ्या वेळी पहिले तीन दिवस पिळून टाकायला लावलं होतं. गाय व्याली की आपण चीक मागायला चार घरं फिरतो, खरवस करतो, नि बाईचा चीक तेवढा टाकायचा! तो पिवळसर चीकच बाळाचं पहिलं औषध आहे.

बाकी सगळं तुझं चालेल. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाजरीची भाकरी, बाळंतशेपा, पाचवीला सटवाईची पूजा, बाराव्याला बारसं. फक्त बारशाला शंभर माणूस नको, आणि सर्दी-खोकलावाल्याने बाळाला हात लावायचा नाही, मग तो मामा असो की सरपंच. अण्णा, बिडी नाही. गच्चीत पण नाही. नंतर अंगाला, कपड्यांना राहतो तो धूर आणि तुम्हीच सगळ्यात आधी बाळ मागणार.

सोमवारी भाऊ कांद्याची गाडी घेऊन येतोय, आईने त्याच्याबरोबरच यावं. अण्णा, तुमचा पहिला प्लॉट महिनाअखेरीला निघेल असं दिसतंय, तो उरकून या, पण मोबाईल चार्ज करून उशाशी ठेवा, आणि रात्री फोन आला तर मोटारसायकल नाही, भाऊबरोबर गाडीतून. सकाळच्या बसने आलात तर द्वारकेला उतरून रिक्षा शोधत बसू नका, रस्त्याची कामं चालू आहेत, स्टँडपर्यंत या, तुमचे जावई घ्यायला येतील. तुमच्या बीपीच्या गोळ्या महिन्याच्या आणा. आईचा गुडघ्याचा पट्टा पण, आमची लिफ्ट दिवसाआड बंद असते आणि तिसरा मजला आहे.

हे लिहिताना बाळाने अकरा वेळा ढकललंय, मोजलंय मी.

तुमची,
ताई