पिंजरा माळ्यावरच बरा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला पक्ष्यांवरचा लेख वाचला. पहिला अर्धा भाग आवडला, हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर सहकारनगरातून पत्र आले म्हणजे तक्रारच असणार असा आपला समज व्हायचा. शेपटी उभारून शीळ घालणारा दयाळ झकास उतरला आहे. तांबटाची ठोकठोकही बरोबर. पुढे लेखकमहाशय बागेतून उठून लहानपणी पाळलेल्या पक्ष्यांकडे गेले आणि माझा चहा तिथेच गार झाला.

ते लिहितात, पिंजऱ्याचे दार दिवसभर उघडे असायचे तरी मुनिया उडून जात नसत, एवढा त्यांना घरच्यांचा लळा!

१९७४ साली आम्ही कसबा पेठेत राहत होतो. मी सहावीत. खांद्यावर कावड आणि कावडीला दोन्हीकडे बांबूचे पिंजरे, असा एक पक्षीवाला गल्लीत यायचा. त्याच्याकडून मी हट्टाने चार मुनिया घ्यायला लावल्या. दोन पोपटी, दोन गुलाबी. 'आफ्रिकेची चिमणी' आहे म्हणाला. आई नको म्हणत होती, आजीने कनवटीचे पैसे काढून दिले. तिसऱ्या दिवशी पिंजऱ्यात पितळी वाटीभर पाणी ठेवले. एक पोपटी मुनिया काठावर बसली, चोच बुडवून अंदाज घेतला आणि सगळीच्या सगळी आत उतरून पंख फडफडवू लागली. पाणी हिरवे झाले. आम्ही भावंडे टाळ्या पिटत होतो, आफ्रिकेत असेच होत असेल म्हणून. वाटीतून बाहेर आली तेव्हा ती पाठीवर तपकिरी आणि पोटावर खवल्याखवल्यांची नक्षी असलेली आपली साधी ठिपकेवाली मनोली होती. शेपटीखाली तेवढा हिरवा डाग राहिला.

चारपैकी दोन आठवड्याभरात मेल्या. उरलेल्या सोडून देऊ, असे आजीनेच ठरवले. नागपंचमीचा दिवस होता. पिंजरा माडीच्या कठड्यावर ठेवून दार उघडले. तासभर दोघी आतच बसून. 'बघा, घर सोडवत नाही बिचाऱ्यांना,' असे आत्या म्हणाली, थेट आपल्या लेखकासारखे. शेवटी एक दारात आली, पुढे झेपावली आणि दगड पडावा तशी खाली चौकातल्या फरशीवर पडली. मी जिना उतरेपर्यंत वाड्यातल्या बोक्याने तिला नेले होते. मग दुसरीला हातात धरून तिचा पंख उलगडून पाहिला. मोठी पिसे सगळी एका रेषेत कापलेली. आईच्या कात्रीने मांजरपाट कापावा इतकी सरळ. असली पिसे गळून नवी यायला कित्येक महिने लागतात, हे मला फार पुढे कळले. ती दुसरी दिवाळीपर्यंत जगली, राळे खात आणि उघड्या दाराशी बसत. आल्यागेल्याला आम्हीही तिचा लळाच दाखवायचो.

तेव्हा लेखकमहाशयांनी आपल्या मुनियांचे पंख कधी उलगडून पाहिले होते का, एवढेच त्यांना विचारून कळवावे. माझा आग्रह नाही.

आता मूळ कारण. काल दुपारी शेजारच्या वहिनी पुरवणी हातात घेऊनच आल्या. 'भाऊजी, तुमच्या माळ्यावर तो जुना पिंजरा आहे ना? नातवाला पोपट आणायचाय.' मी म्हटले, वहिनी, पोपट पाळणे गुन्हा आहे. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे आणि १९९१च्या दुरुस्तीपासून देशी पक्ष्यांची खरेदी-विक्रीही बंद आहे. यावर त्यांनी लेखावरच्या पोपटाच्या फोटोवर बोट ठेवले. गळ्यात कंठ, पिंजऱ्यात हिरवी मिरची, सगळे साग्रसंगीत. म्हणाल्या, 'पेपरात आलंय की!' याला मी काय उत्तर देणार? आपणच द्यावे. अर्धे पान आठवणींना दिलेत, कायद्यासाठी खाली एक ओळ मावली नसती? ज्यांना आपण लव्हबर्ड म्हणतो ते ऑस्ट्रेलियाचे बजरीगर, त्यांची गोष्ट वेगळी. खरे लव्हबर्ड आफ्रिकेचे, हेही लेखात आले असते तर बरे झाले असते, पण ते असो.

पिंजरा माझ्याकडे अजून आहे. त्यात कांदे ठेवतो.

पक्षी हवेच असतील तर वहिनींच्या नातवाने आमच्या मागच्या अंगणात येऊन बसावे. कुंडीखालची मातीची ताटली पाण्याने भरून ठेवली की पुरते. बुलबुल येतात, भांडत भांडत सातभाई येतात. आणि गेली काही वर्षे पाऊस लागला की मनोल्या येतात. १९७४ला वाटीतून बाहेर आली होती तीच, पोटावर खवले असलेली. स्वतःच्या दुप्पट लांब गवताचे पाते चोचीत धरून बोगनवेलीत शिरायची त्यांची खटपट चालते. पाते काट्यांत आडवे अडकते, मग ती मागे सरते, टोकाला धरून पुन्हा येते. परवा एकीने हे सात वेळा केले. मी मोजत होतो, दूध उतू गेले. सौ. अजून बोलत नाहीत.

जाता जाता, लेखातल्या दुसऱ्या एका फोटोखाली 'कोकिळा' असे छापले आहे. काळा कुळकुळीत, लाल डोळ्यांचा, तो नर, म्हणजे कोकीळ. मादी ठिपक्यांची असते, आणि कुहूकुहू ती करत नाही, किक्-किक् ओरडते. दरवर्षी आपण हे चुकता आणि दरवर्षी मी लिहितो.

आणखी एक. फाटकाजवळच्या लिंबाच्या झाडावर शिंप्याने दोन पाने शिवून घरटे केले आहे, आत पिल्ले आहेत. आपला अंक टाकणारा मुलगा सायकलवरून न उतरता रोज नेमका त्याच झाडावर नेम धरतो. पिल्ले उडेपर्यंत त्याने अंक फाटकाच्या डाव्या बाजूला टाकावा, असे एजंटांमार्फत कळवावे. रविवारी तर नक्कीच, कारण पुरवणीमुळे अंक जड असतो.

कळावे,
आपला एक जुना वर्गणीदार,
सहकारनगर, पुणे