माल्ट धुताना घाई नको

संपादक महोदय,

घरगुती बीअरविषयीच्या आपल्या पुरवणीतील लेखात मॅशनंतर (भरडलेले माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले धान्य, गरम पाण्यात भिजवून झाल्यावर) चोथ्यातली उरलेली साखर गरम पाण्याने धुऊन घेण्याची कृती, म्हणजे स्पार्जिंग, एका वाक्यात उरकली आहे. वास्तविक साखरेचा उतारा बराचसा तिथेच ठरतो.

उतारा कमी पडला की बहुतेक जण पाणी वाढवतात, पण आधी माल्टची भरड पाहावी: दाणा फुटलेला हवा, टरफल मात्र शक्यतो अखंड, कारण गाळणीचे काम तेच करते. पाणी वरून संथपणे सोडायचे असल्यास पाऊण ते एक तास द्यावा, चोथ्यावर दोन बोटे पाणी कायम ठेवावे आणि खालचा नळ जेमतेम उघडावा. घाई केली की पाणी एकाच बाजूने वाट काढते आणि बाकीचा थर गोडच राहतो. एवढी सवड नसेल तर सगळे पाणी एकदम घालून तळापर्यंत ढवळावे, थर बसू द्यावा आणि सुरुवातीचा गढूळ रस पुन्हा वर ओतावा.

आमच्या लंडनच्या नळाचे पाणी चुनखडीचे. धुताना सामू (pH) 6च्या वर गेला की टरफलातले टॅनिन उतरून बीअर तुरट होते. म्हणून पाण्यात थोडे लॅक्टिक आम्ल घालून सामू साडेपाचच्या आसपास आणावा, तापमान 75 ते 77 अंश सेल्सियस ठेवावे आणि रसाच्या गार केलेल्या नमुन्यात हायड्रोमीटर (घनता मोजणारा मापक) 1.010 दाखवू लागला की गाळणे थांबवावे. मागे राहिलेल्या साखरेचा पाठलाग करण्यापेक्षा मूठभर जास्त माल्ट स्वस्त पडते.

— एक वाचक, लंडन