नाव तुम्हाला ठाऊक होतं: ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांना खुलं पत्र

मा. संरक्षणमंत्री, युनायटेड किंगडम, यांस,

सादर नमस्कार.

इंग्रजीत दोनदा लिहून झालं. दुसऱ्या पत्राचं उत्तर गेल्या मंगळवारी आलं, एका कार्यालयाकडून, चार ओळींचं. पणजोबांची नोंद यादीत आहे, इराकमधल्या बसऱ्याच्या युद्धस्मारकाच्या भिंतीवर नाव कधी कोरणार ते आज सांगता येत नाही. म्हणून हे तिसरं पत्र मराठीत, सगळ्यांसमोर. भाषांतर तुम्ही करून घ्या.

पहिल्या महायुद्धात पणजोबा तुमच्या हिंदी फौजेतल्या 117व्या मराठा पलटणीत शिपाई. त्या पलटणीच्या 16व्या ब्रिगेडमध्येच तुमच्या डॉर्सेटशायर रेजिमेंटची दुसरी बटालियन होती. एप्रिल 1915 मध्ये बसऱ्याजवळ शैबाला दोघी तुर्कांशी एकत्र लढल्या. 22 नोव्हेंबरला बगदादच्या अलीकडे टेसिफॉनला एकत्रच कापल्या गेल्या. पणजोबा तिथे पडले. देह मिळाला नाही.

उरलेले मागे सरून कुतला आले आणि 147 दिवस तुर्कांच्या वेढ्यात सापडले. घोडी कापून खाल्ली. विमानातून अन्नाची पोती टाकली, धान्य दळायला जात्याचे दगडसुद्धा वरूनच आले. 29 एप्रिल 1916 ला सुमारे 13 हजार माणसं शरण गेली. डॉर्सेटचे साडेतीनशेच्या घरात कैद झाले, त्यातले सत्तरेक परतले. वाळवंटातून हाकत नेलं त्यांना. त्या पोरांशी माझं भांडण नाही, तीही कुणाच्या तरी आयांची होती. पण त्यांचे जनरल टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर घर मिळून राहिले आणि कैदेत असतानाच 1917 मध्ये 'सर' झाले, हे वाचून अंगाचा तिळपापड होतो.

1929 मध्ये बसऱ्याला स्मारक उभं राहिलं, कबर न सापडलेल्या चाळीस हजारांवर माणसांचं. डॉर्सेटचा साधा सोल्जर तिथे नावानिशी आहे. आमच्या पलटणींखाली अधिकाऱ्यांची, सुभेदार-जमादारांची नावं, आणि मग 'इतर हिंदी शिपाई' म्हणून नुसता आकडा. मेंढरं मोजावीत तसा. 117व्या पलटणीला पराक्रमाबद्दल 'रॉयल' ही पदवी दिलीत, मग तो पराक्रम केला कुणी? आकड्यानं?

नावं मिळाली नाहीत असं म्हणू नका. आमच्या घरी पणजोबांचं चांदीचं पदक आहे. त्याच्या कडेवर, नखानं चाचपलं की लागतं असं, नंबर, शिपाई, नाव, 117 मराठाज, असं ठोकलेलं आहे. तुमच्याच सरकारनं ठोकलेलं. आजी दर दसऱ्याला ते चिंच लावून घासायची आणि देव्हाऱ्यात टाकांशेजारी ठेवायची. सासऱ्याचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. तिची सासू तेविसाव्या वर्षी विधवा झाली, कडेवर एक पोर, वाट्याला दीड एकर खडकाळ रान. पेन्शनसाठी कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या. आजीला भिंतीवरल्या नावाचा फोटो दाखवीन असं मी कबूल केलं होतं. मार्गशीर्षात ती गेली. तुमचं उत्तर त्यानंतर आलं.

एप्रिल 2021 मध्ये तुमच्या पूर्वीच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत माफी मागितली. युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्याच अहवालानं मान्य केलं की किमान 1 लाख 16 हजार, कदाचित साडेतीन लाख माणसांची नावं कुठेच लागली नाहीत, आणि यामागे वंशभेद होता. त्या कमिशनचे अध्यक्ष पदसिद्ध तुम्हीच. माफी मागून झाली, पण पाथरवटाच्या हातात छिन्नी कधी देणार?

आणि हे एकट्या तुमचंच नाही. कोणत्याही सरकारला शिपाई लागतो तो भरतीच्या दिवशी. 1917 मध्ये माणसं कमी पडली तेव्हा 111वी महार पलटण उभी केलीत आणि युद्ध सरल्यावर मोडून टाकलीत. आमच्या गावच्या चावडीवरही युद्धावर किती गेले आणि किती मेले एवढंच सांगणारी संगमरवरी पाटी आहे. पंचाहत्तरहून जास्त वर्षं सरकार आमचंच आहे, तरी त्या आकड्यांखाली नावं लिहायला एकही पुढारी आला नाही. पंधरा ऑगस्टला हार मात्र दरवर्षी पडतो.

मला भरपाई नको, समारंभ नको. बसऱ्याच्या भिंतीवर प्रत्येक शिपायाचं नाव, आणि ते काम कधी सुरू होणार त्याची तारीख, एवढंच लेखी कळवा. सोबत पदकाच्या कडेचा फोटो जोडतो आहे. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं त्यात आहे. पाथरवटाला आणखी काही विचारावं लागणार नाही.

आपला,
117व्या मराठा पलटणीतल्या एका शिपायाचा पणतू
जिल्हा सातारा