सर्व्हर सुरक्षेचे धडे मुदत संपलेल्या लिनक्सवर कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सर्व्हर सांभाळणे हा माझा व्यवसाय असून दर उन्हाळ्यात आमच्याकडे काही विद्यार्थी प्रशिक्षणासाठी येतात. यंदा त्यांपैकी एकाने सर्व्हर सुरक्षेचा संपूर्ण अभ्यास सेंटओएस ७ या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या आवृत्तीवर केलेला आढळला. ही आवृत्ती २०१४ साली आली आणि ३० जून २०२४ रोजी तिचे अपडेट कायमचे थांबले. त्यानंतर तिची पॅकेजेस, म्हणजे बसवायचे तयार प्रोग्राम, जिथून उतरवतात ते इंटरनेटवरील नेहमीचे पत्तेही बंद झाल्यामुळे एखादे साधे पॅकेज बसवण्यापूर्वी जुन्या संग्रहाचा पत्ता हाताने घालावा लागतो. त्याच्या प्रात्यक्षिकाच्या वहीत ही खटपट दोन पाने व्यापून होती आणि तिच्या खालोखाल एसईलिनक्स ही लिनक्समधील सुरक्षा यंत्रणाच बंद करण्याची आज्ञा होती. सुरक्षेच्या वहीत!

जुनी आवृत्ती वापरण्याची कारणे मला ठाऊक आहेत. लॅबमधील संगणक जुने असतात, नोट्स तयार असतात आणि अनेक कंपन्यांत अजूनही जुने सर्व्हर चालू आहेत. यातील शेवटचे कारण खरे आहे. पहिले तितकेसे टिकत नाही, कारण ग्राफिकल डेस्कटॉप न बसवलेले डेबियन हे लिनक्स एक जीबी मेमरीतही सरावापुरते चालते. नोट्सचे म्हणाल, तर डेबियन १० आणि रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स ८ या २०१९ मधील आवृत्त्यांपासून फायरवॉलच्या (नेटवर्कवरील ये-जा गाळणाऱ्या व्यवस्थेच्या) मुळाशी आयपीटेबल्स या जुन्या यंत्रणेऐवजी एनएफटेबल्स ही नवी यंत्रणा आली आहे, त्यामुळे त्या नोट्स तशाही नव्याने लिहाव्याच लागणार आहेत.

माझा खरा आक्षेप मात्र वेगळा आहे. सर्व्हर सुरक्षित ठेवण्याच्या कामातील मोठा भाग म्हणजे त्रुटी जाहीर झाल्याची बातमी वाचणे, ती आपल्या यंत्राला लागू आहे का हे तपासणे, पॅच (त्रुटीची दुरुस्ती) लावणे, सेवा पुन्हा सुरू करणे आणि त्यानंतर लॉग, म्हणजे सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी, पाहणे. ज्या आवृत्तीला पॅच येतच नाही, तिच्यावर याची तालीम होऊ शकत नाही. इतकेच काय, सेंटओएस ज्या रेड हॅटवर बेतलेले आहे त्याच्या परंपरेत प्रोग्रामचा आवृत्ती क्रमांक जुनाच ठेवून आतली त्रुटी दुरुस्त केली जाते. त्यामुळे नुसता क्रमांक पाहून सर्व्हर असुरक्षित ठरवता येत नाही, ही साधी गोष्टसुद्धा चालू आवृत्तीवर हात बसल्याशिवाय उमगत नाही.

१ जुलै २०२४ रोजी, म्हणजे सेंटओएस ७ ची मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी, ओपनएसएसएच या दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याच्या प्रोग्राममधील एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. २००६ साली दुरुस्त झालेली चूक त्या प्रोग्रामच्या ८.५ या आवृत्तीपासून पुन्हा शिरली होती. सेंटओएस ७ मध्ये ७.४ असल्यामुळे ते बचावले, आणि ‘बघा, जुनेच बरे’ असे म्हणणारेही मला भेटले. परंतु तो योगायोग होता. चालू आवृत्त्यांना पॅच मिळाला; सेंटओएस ७ मात्र त्या तडाख्यात सापडले असते, तर त्याला कोणी वाली नव्हता.

याचा अर्थ अगदी ताजे तेच घ्यावे असाही नाही. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या प्रोग्रामच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. एसएसएचद्वारे, म्हणजे दुरून केलेल्या, लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा पाठपुरावा आंद्रेस फ्रॉइंड या सॉफ्टवेअर अभियंत्याने केला म्हणून तो उघडकीस आला. त्या आवृत्त्या डेबियनच्या चाचणी शाखेत पोहोचल्या होत्या, स्थिर शाखेत नाहीत. तेव्हा निवड करायची ती स्थिर आणि अपडेट चालू असलेल्या आवृत्तीची. उबुंटू २४.०४ ला २०२९ पर्यंत आणि रेड हॅटच्याच धर्तीच्या अल्मालिनक्स ९ ला २०३२ पर्यंत मोफत अपडेट मिळणार आहेत.

जुन्या लिनक्सलाही अभ्यासात जागा आहे, पण ती लक्ष्य म्हणून. हल्ला कसा होतो हे दाखवण्यासाठी उबुंटू ८.०४ वर बेतलेले, सरावासाठी मुद्दाम असुरक्षित ठेवलेले मेटास्प्लॉइटेबल २ आजही उत्तम आहे; मात्र ते व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकातल्या आभासी संगणकात), बाहेरच्या नेटवर्कशी संबंध तोडूनच चालवावे. वसतिगृहाच्या वायफायला ते जोडलेले मी स्वतः पाहिले आहे.

अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना माझी एवढीच विनंती आहे की, लिनक्सच्या आवृत्तीच्या नावापुढे तिच्या अपडेटची शेवटची तारीखही छापावी आणि ती तारीख उलटण्यापूर्वी प्रात्यक्षिके बदलावीत.

आपला,
एक सर्व्हर व्यवस्थापक, नाशिक