नोकरीबद्दल एकदाच सविस्तर

श्टुटगार्ट, जर्मनी,
9 नोव्हेंबर 2025

ती. बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर हा विषय काढला की आई जेवणावर जाते, बाबा हवेवर जातात, मागून आजी "कोण हाय गं?" विचारते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून आज रविवार धरून लिहायला बसले. दादाने प्रिंट काढून द्यावी, बाबांना मोबाइलवरचं अक्षर लागत नाही.

आधी तुमच्या काळज्या. जेवते. दोन्ही वेळा. वजन उतरलेलं नाही, कॅमेऱ्यात तसं दिसतं. थंडी सुरू झाली आहे, पण ती दाराबाहेर. घरात मी हाफ बाह्यांत असते. रात्री ऑफिसमधून एकटी ट्रॅमने येते आणि पुण्यात यायचे त्यापेक्षा निर्धास्त येते. फराळाचं पार्सल पोचलं. चकल्या मोडल्या होत्या, त्या चिवड्यात घालून संपवल्या.

आई, तू विचारत होतीस की शनिवारी दुपारी फोन का उचलला नाही. तर मी जिना झाडत होते. हसू नकोस, पूर्ण वाच. इथे 'केअरवोखे' नावाचा प्रकार आहे, म्हणजे झाडलोटीचा आठवडा. हा श्वाबेन भागातला खास रिवाज. बिल्डिंगमध्ये बाई लावायची नाही, पाळी लावायची. तुमची पाळी आली की दाराच्या मुठीला एक पाटी येऊन लटकते. ती कोण लटकवतं ते विचारायचं नाही. छोटी पाळी असेल तर आपल्या मजल्यापुरता जिना झाडायचा, पुसायचा. मोठी असेल तर तळघर, अंगण आणि समोरचा फुटपाथसुद्धा, बर्फ पडला तर तोही ओढायचा. सध्या पानगळ आहे. सकाळी झाडलेला फुटपाथ दुपारी पुन्हा पिवळा. याचं मूळ 1492 सालच्या शहराच्या नियमांत आहे असं सांगतात. महापालिकेने 1988 मध्ये सक्ती काढली, तरी भाडेकरारात हे कलम असतंच. आणि गंमत म्हणजे जिना स्वच्छ असला तरी झाडायचा! नुसता झाडून चालत नाही, झाडताना दिसायला हवं. तळमजल्यावर एक ऐंशीच्या पुढच्या आजीबाई आहेत. पहिल्या वेळी त्या कठड्याला धरून वर आल्या, पायरीच्या कोपऱ्यात बोट फिरवलं, बोट मला दाखवलं आणि काही न बोलता खाली गेल्या. मी पुन्हा पुसला. आता भेटल्या की हवापाण्याचं बोलतात. रविवारी मात्र झाडू हातात घ्यायचा नाही, रविवार शांततेचा.

हे एवढं सांगायचं कारण, हे घर आता माझ्या नावावर भाड्याने मिळतंय. आतापर्यंत कंपनीने घेऊन दिलेलं होतं.

मार्चमध्ये माझी डेप्युटेशनची मुदत संपते. पुण्याच्या ऑफिसात परत जायचं, तोच पगार, वर थोडी वाढ. इथे ज्यांच्या प्रोजेक्टवर काम करते ते म्हणताहेत, थेट आमच्याकडेच या. वर्षाला 60 हजार युरो. बाबा, लगेच शंभराने गुणू नका. मीही पहिले सहा महिने दुधाची पिशवीसुद्धा गुणूनच घेत होते. कर आणि विमा कापून महिन्याला 3,100 च्या आसपास हातात येतील, त्यातले हजारभर भाड्याला. तरी पुण्यातून जे पाठवू शकले असते त्याच्या दुप्पट सहज पाठवेन. लग्न न झालेल्यांकडून सरकार इथे जास्त कर घेतं, म्हणजे तेही आईच्याच बाजूचं आहे.

बाबा, पेन्शनचं विचारलं होतंत. पगाराच्या 9.3 टक्के माझे, तेवढेच कंपनीचे. पाच वर्षं भरले की हक्क लागतो. कारखान्यात आयुष्य घालवून ईपीएस-95 चे जे पैसे तुमच्या पासबुकात येतात ते मी बघितले आहेत, म्हणून हे आधी विचारून घेतलं.

तुम्ही "आमचं काही म्हणणं नाही, तुझं तू बघ" म्हणालात. हे वाक्य आपल्या घरात कशासाठी वापरतात ते मला माहीत आहे. मस्कतची नोकरी तुम्ही आजीसाठी सोडलीत, हे कौतुक मी लहानपणापासून ऐकत आले. पण माझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीसाठी पतसंस्थेच्या खिडकीसमोर उभे होतात, तेव्हा फॉर्मवर सही करता करता "तेव्हा गेलो असतो तर" एवढंच म्हणाला होतात. मी मागेच उभी होते.

आजी न्हाणीघरात पडली ते मला चार दिवसांनी सांगितलंत. काळजी नको म्हणून, हे कळतं. पण लपवल्याने अंतर कमी होत नाही. इथून घरी यायला फ्रँकफर्टची ट्रेन, आठ तासांचं विमान, पुढे मुंबई ते कऱ्हाड, असे 20-22 तास लागतात. पुण्याहून तीन तास लागले असते, मान्य. पण पुण्यात असतानाही मी महिन्यातून एकदाच यायचे आणि आल्यावर झोपायचे. आईच्या मोतीबिंदूच्या वेळी वहिनी असेल. मी तेव्हा नसेन. तारीख ठरली की कळवा, मी त्या दिवशी रजा घेऊन फोनजवळ बसेन. उपयोग काय, असं आई म्हणेल. म्हणू दे.

तुम्हाला इकडे आणायचं बोलले होते. आता इथे आई-वडिलांना आणता येतं असा कायदा 2024 मध्ये झाला आहे, पण तुमचा आरोग्य विमा दाखवावा लागतो आणि साठीच्या पुढे तो परवडेल असा मिळणं अवघड. त्यामुळे तूर्त तीन महिन्यांचा व्हिसा. मे महिन्यात या, उजेड रात्री नऊपर्यंत असतो.

आता पैशाचं. वरच्या मजल्याच्या कर्जाचा हप्ता जानेवारीपासून मी भरते. दादाशी बोलणं झालंय, त्याला उगीच विचारू नका, तो संकोचतो. स्लॅब गळते ती आधी करून घ्या.

आणि कोल्हापूरचं स्थळ. मुलगा चांगला आहे, फोनवर दोनदा बोललो, दोघेही हसलो. पण त्याची हिंजवडीची नोकरी आहे आणि त्याच्या आईला "मुलगी मार्चमध्ये येतेय" असं आत्याने सांगितलंय. आत्याला सांगून ते दुरुस्त करा. त्यांना थांबवून ठेवू नका. तो स्वतः काय म्हणतो ते मी त्याला विचारेन, मध्ये कोणी नको. आणि आई, यावरून तीन दिवस अबोला धरू नकोस. दोन दिवस चालेल.

होकार कळवायची मुदत महिनाअखेरीपर्यंत आहे. तुमच्याशी बोलल्याशिवाय सही करणार नाही, असं त्यांना सांगितलंय. तरी दादाला म्हणावं, लोखंडी कपाटात वरच्या कप्प्यात निळ्या फाइलमध्ये माझं शिवाजी विद्यापीठाचं पदवी प्रमाणपत्र आहे. व्हिसा बदलायला मूळ प्रत लागते. कुरिअरने पाठव, साध्या टपालाने नको. बुधवारपर्यंत निघालं तर बरं.

आजीला नमस्कार, पिल्लूला पापा.

तुमची,
सोनू